यामाहा आरएक्स १०० : हौशी शर्यतीसाठी बांधणी आणि ट्यूनिंग

एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ ते १९९६ या काळात भारतात काढलेली आरएक्स १०० ही ९८ सीसीची, हवेने थंड होणारी टू-स्ट्रोक मोटारसायकल. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्ही ५० मिमी, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पातळ पात्यांची झडप), चार गिअर, मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. सुटे भाग अजूनही मिळतात, ब्लॉक (सिलिंडर) बोअर करून देणारे लेथवाले गावोगाव आहेत. त्यामुळे ड्रॅग आणि डर्ट ट्रॅकच्या हौशी शर्यतींत ही गाडी टिकून आहे.

हिच्या ट्यूनिंगला खरी मर्यादा घालतो तो चार गिअरांचा बॉक्स. पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली वायूची तोंडे, उंच करून इंजिन दहा हजार फेऱ्यांपर्यंत नेता येते, पण मग ताकद वरच्या दीड-दोन हजार फेऱ्यांतच उरते आणि गिअर बदलला की इंजिन त्या पट्ट्याखाली पडते. कागदावर जास्त अश्वशक्तीची गाडी ट्रॅकवर मागे राहते ती यामुळेच. अनेकजण पाच गिअरांचा संच बसवतात. तो नसेल तर पोर्टचा लोभ आवरलेला बरा.

खालचे इंजिन

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, हाच मिश्रण वर ढकलणारा पंप असतो, म्हणून काम तळापासून सुरू होते. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने पाहिल्यास दोन्ही टोकांना ०.०३ मिमीपेक्षा जास्त वाकडेपणा नसावा. कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ अजिबात चालत नाही. मेन बेअरिंग सी-३ दर्जाचे, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेले घ्यावे. ऑइल सील जुने दिसो वा नवे, बदलायचेच. मॅग्नेटच्या बाजूचा सील गळला की बाहेरची हवा आत येते, मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचा गळला तर इंजिन गिअर ऑइल ओढते, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो आणि बॉक्समधले तेल घटत जाते.

बांधलेले इंजिन सुरू करण्याआधी दाबाची चाचणी घ्यावी. एक्झॉस्ट आणि इनटेकची तोंडे रबर व पत्र्याने बंद करून प्लगच्या भोकातून हवा भरायची. यासाठी डॉक्टरकडचे रक्तदाबाचे जुने यंत्र उत्तम, कारण त्याची ३०० मिमी पारा ही कमाल खूण म्हणजे सुमारे ६ पीएसआय, आणि गरजेचा दाब तेवढाच. मिनिटाला ५० मिमीपेक्षा जास्त उतार दिसला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. ही चाचणी टाळून जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छिद्रे) बदलत बसणे म्हणजे शुद्ध वेळ घालवणे.

ब्लॉक आणि हेड

बिडाच्या स्लीव्हमध्ये पिस्टन ०.०५ ते ०.०६ मिमी मोकळा ठेवतात. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून मोजलेली फट ०.१५ ते ०.३० मिमी असावी. मोठे पिस्टन पाव-पाव मिमीच्या पायऱ्यांनी ५१ मिमीपर्यंत मिळतात. बोअर झाल्यावर पोर्टच्या सगळ्या कडा अर्धा मिमी गोल केल्या नाहीत, तर रिंग पहिल्याच दिवशी अडकून तुटते.

एक्झॉस्ट पोर्टचे छत १ मिमी वर नेले की तो उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या फिरण्याच्या सुमारे साडेचार अंशांनी वाढतो. चार गिअरांच्या गाडीला एकूण १८४ अंशांच्या पुढे जाऊ नये. पोर्टची रुंदी सरळ अंतराने बोअरच्या ६५ टक्के, म्हणजे ३२ मिमीच्या आसपास थांबवावी. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगून अडकते. डाव्या-उजव्या ट्रान्सफर पोर्टची (ताजे मिश्रण क्रँककेसमधून वर आणणाऱ्या तोंडांची) उंची तंतोतंत सारखी हवी. एक आधी उघडला तर ताजे मिश्रण तिरके वाहून थेट एक्झॉस्टमध्ये निघून जाते. काम ग्राइंडरने करा वा कानशीने, छाटलेले धातू परत लावता येत नाही.

पिस्टन वर असताना त्याची कड आणि हेड यांतली फट दीड मिमी जाड सोल्डरच्या तारेने मोजतात. तार गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंनी भिंतीपर्यंत सरकवून क्रँक हाताने फिरवायचा आणि चेपलेले टोक व्हर्नियरने मोजायचे. ०.८ ते १.० मिमी योग्य. त्याहून बरीच कमी फट ठेवली तर वरच्या फेऱ्यांत पिस्टन हेडला टेकतो. दीड मिमीहून जास्त असेल तर मिश्रण मध्यभागी ढकलले जात नाही आणि नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होते. खालचे पॅकिंग पातळ केल्यास पोर्टचे अंशही बदलतात, म्हणून दुरुस्ती शक्यतो हेड फेस करून (लेथवर सपाट छाटून) करावी.

हेडचे आकारमान ब्युरेटने मोजतात. एक्झॉस्ट पोर्ट वरच्या बिंदूपासून २७ मिमीवर उघडत असेल तर त्यावरचा अडकलेला भाग ५३ घन सेंमी होतो; हेडमध्ये ८.८ घन सेंमी जागा ठेवली की ७:१ दाबाचे प्रमाण (कॉम्प्रेशन) मिळते. कंपनीचा ६.७:१ हा आकडा याच पद्धतीचा आहे. पूर्ण स्ट्रोक धरून हाच हिशेब १२:१ येतो. दोन मिस्त्रींचे आकडे जुळत नाहीत, ते बहुधा याच कारणाने.

सायलेन्सर

एक्स्पान्शन चेंबरची (टू-स्ट्रोकच्या शंकूच्या आकाराच्या सायलेन्सरची) लांबी ठरवताना पोर्टचे अंश, आतल्या ध्वनिलहरीचा वेग (साधारण ५१८ मीटर प्रतिसेकंद) आणि ८३.३ यांचा गुणाकार करून त्याला हव्या त्या फेऱ्यांनी भागतात. १८४ अंश आणि ९,५०० फेऱ्या धरल्या तर पिस्टनपासून मागच्या शंकूच्या परतीच्या बिंदूपर्यंत ८३५ मिमी येतात. ८,५०० फेऱ्यांसाठी ९३५. लांब चेंबर खालची ताकद देतो, आणि डर्ट ट्रॅकवर तोच उपयोगी. शेवटची नळी गरजेपेक्षा बारीक केली तर उष्णता कोंडून पिस्टन वितळतो.

कार्बोरेटर आणि इंधन

मूळचा २० मिमीचा कार्बोरेटर काढून २४ मिमीचा लावला की पुरे. मेन जेट मोठ्यापासून सुरू करून उतरत यावे. टॉप गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन क्लच दाबत इंजिन बंद करायचे आणि प्लग पाहायचा. चॉकलेटी रंग ठीक. पांढरा असेल तर जेट लगेच वाढवावा. चिनी मातीवर अ‍ॅल्युमिनियमचे राखाडी कण दिसले तर नॉकिंग सुरू झाले आहे, गाडी तिथेच थांबवावी. प्लग एक पायरी थंड हवा. एनजीकेमध्ये मोठा आकडा थंड, बॉशमध्ये उलटे.

ऑइल पंप काढल्यास लिटरला ३३ ते ४० मिली टू-टी ऑइल मिसळतात. ऑइल वाढवले की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते, हे विसरले जाते. सुमारे ५६० मीटर उंचीच्या पुण्यात बसवलेला जेट चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर, कमी उंचीच्या दाट हवेत, लीन ठरू शकतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ६ ते ८ टक्के जास्त इंधन लागते. शिवाय ते ओलावा ओढते, म्हणून मिसळलेले पेट्रोल शर्यतीनंतर टाकीत ठेवू नये.

जाम झालेल्या पिस्टनच्या खुणा वाचणे

चारही बाजूंना सारखे चरे असतील तर पिस्टन घट्ट होता किंवा थंड इंजिनला एकदम रेस दिली. फक्त एक्झॉस्टच्या बाजूने घासला असेल तर मिश्रण लीन किंवा उष्णता जास्त. माथ्याला भोक पडले असेल तर ठिणगीचे टायमिंग फार पुढे, दाब जास्त किंवा प्लग गरम. इनटेकच्या बाजूला मॅट झीज दिसली तर धूळ. एअर फिल्टर काढून पळवलेल्या डर्ट ट्रॅकच्या गाडीत ती हमखास दिसते. स्टीलच्या रीडचा कोपरा तुटून आत गेला तर पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही जातात. फायबरची रीड तुलनेने कमी नुकसान करते.

पुढे-मागे १३० मिमीचेच ड्रम ब्रेक आहेत. नवे शू, ड्रमला लेथवर फेसिंग आणि फोर्कमध्ये ताजे ऑइल एवढे झाल्याशिवाय वाढलेल्या वेगाची गाडी ट्रॅकवर नेऊ नये. आरएक्स १३५ चा ५८ मिमीचा ब्लॉक लावल्यास इंजिन १३२ सीसी होते आणि गट बदलू शकतो, म्हणून नोंदणीआधी स्पर्धेची नियमावली पाहावी.