जुन्या ट्रॅक्टरची लोखंडी चाके कुठे गेली?

१९३० च्या आधीचा अमेरिकी ट्रॅक्टर रबरी टायरवर उभा दिसला, तर मागच्या चाकाचे आरे निरखून पाहावेत. पुष्कळदा ते टोकाशी कापलेले असतात आणि त्यांवर टायरची रिम वेल्डिंगने बसवलेली असते. तो ओबडधोबड सांधा रंगाखालूनही कळतो. ट्रॅक्टर मूळचा लोखंडी चाकांचा, चाकाभोवतीची लोखंडी धाव मात्र केव्हाच भंगारात गेलेली.

लोखंडी चाक ही वाफेच्या इंजिनांकडून आलेली वहिवाट. १९१७ चा फोर्डसन, १९२३ चा जॉन डिअर मॉडेल डी, १९२४ चा फार्मॉल हे सगळे लोखंडावरच चालले. मागच्या चाकांवर बोल्टने आवळलेले दाते असत, कधी फावड्याच्या पात्यासारखे, कधी अँगलच्या तिरप्या पट्ट्यांचे. मऊ रानात ते छान रुतत. पण रुतलेला प्रत्येक दाता पुन्हा उपसायलाही इंजिनाचीच ताकद जाई, आणि कडक जमिनीवर हादरे थेट चालकाच्या कण्यात पोचत. तासाला तीन-चार मैल ही नेहमीची चाल.

खरी पंचाईत रस्त्यावर. दाते डांबर उखडत, म्हणून अनेक ठिकाणी त्यांना बंदी आली. मग दात्यांवरून सपाट पट्टे चढवायचे, शेतात पोचलं की उतरवायचे. नुसता ताप!

फ्लोरिडाच्या संत्राबागायतदारांची तक्रार वेगळी होती: दात्यांनी झाडांची मुळं तुटत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ट्रकचे टाकाऊ टायर लोखंडी चाकांवर चढवून काम भागवलं. हवा भरलेला टायर १९३२ मध्ये आला. अॅलिस-चामर्स या ट्रॅक्टर कंपनीने फायरस्टोन या टायर कंपनीचे विमानाचे टायर कमी हवेवर ठेवून आपल्या मॉडेल यू ट्रॅक्टरला लावून पाहिले. शेतकऱ्यांना शंका होती नांगराला पकड मिळेल का याची, आणि कंपनीने जाहिरातीसाठी काय केलं? १९३३ मध्ये बार्नी ओल्डफील्ड या मोटारशर्यतपटूला बसवून ट्रॅक्टर तासाला ६४ मैलांवर पळवला. माझ्या मते ही नुसती गंमत नव्हती. शेत आणि रस्ता दोन्हीकडे चालणारं यंत्र विकायचं होतं, आणि ते विकलं गेलं. १९३४ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या ट्रॅक्टर चाचणीतही टायर लावलेला ट्रॅक्टर सामील झाला. ज्यांना नवा ट्रॅक्टर परवडत नव्हता, त्यांनी जुन्याचेच आरे कापले.

१९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं, अमेरिकेचा रबरपुरवठा तुटला आणि कारखान्यांतून पुन्हा लोखंडी चाकं निघू लागली. फार्मॉलच्या एच आणि एम मॉडेलांत अशा वेळी पाचवा, रस्त्याचा गिअर अडवून ठेवत. त्याच युद्धात जुनं लोखंड गोळा करण्यात आलं आणि वापरात नसलेली चाकं त्यात गेली. आज मूळ चाकं शोधणाऱ्या संग्राहकांची दमछाक होते ती यामुळेच.

मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे काही पारंपरिक लोक मात्र आजही ट्रॅक्टरला लोखंडी चाकंच लावतात, तो मोटारीसारखा वापरता येऊ नये म्हणून. आयोवातील मिचेल काउंटीने २००९ मध्ये रस्ते खराब होतात म्हणून अशा चाकांना मनाई केली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. रस्ते इतर कारणांनीही झिजतात, त्यांना मात्र मोकळीक आहे, याकडे बोट दाखवत २०१२ मध्ये न्यायालयाने मेनोनाइटांच्या बाजूने निकाल दिला.