परत येणारा आवाज

लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचे उपनगर आहे. तेथील एका साध्या घरात १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी एक विजेची गिटार स्वतःच्या हातांनी घडवायला घेतली. चांगल्या अमेरिकी गिटारीची किंमत तेव्हा शंभर पौंडांच्या वर होती आणि तेवढे पैसे घरात नव्हते. हॅरल्ड मात्र इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते आणि हातात हत्यार धरण्याची सवय दोघांनाही होती. शेकोटीभोवतीच्या शतकभर जुन्या महोगनी चौकटीतून गिटारीची मान कोरली गेली, लाकूडकिड्याने तिला पाडलेली भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली गेली, धडासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड वापरले गेले आणि मानेवरच्या गोल खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांतून कापल्या गेल्या. सारा खर्च आठ पौंडांच्या घरात आला. पुढे ब्रायन गिटारवादक असलेल्या ‘क्वीन’ या रॉक बँडबरोबर जगभर वाजलेली आणि ‘रेड स्पेशल’ या नावाने ओळखली जाणारी गिटार ती हीच. (या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फरोख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी होता.)

ही हकीकत बहुतेक वेळा टाकाऊतून टिकाऊची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ते अपुरे वाटते. त्या गिटारीतील जवळजवळ प्रत्येक भाग भौतिकशास्त्रातील एखाद्या नेमक्या अडचणीवरचे उत्तर आहे, आणि त्या अडचणींमध्ये सर्वांत मोठी अडचण परत येणाऱ्या आवाजाची होती.

आधी तिच्या कंप-दांडीकडे जवळून पाहू. स्वर हलवण्यासाठी अशा गिटारीच्या घोडीजवळ, म्हणजे धडावर तारा जिच्यावर टेकतात त्या भागाजवळ, एक दांडी असते. ती दाबली की तारा सैल होतात आणि स्वर खाली घसरतो. दांडी सोडल्यावर तारांनी अचूक पूर्वीच्या ताणावर परतावे लागते, आणि त्या काळच्या बहुतेक गिटारी इथेच बेसूर होत. दोष घर्षणाचा होता. तार जिथे जिथे घासते तिथे ती किंचित अडकते आणि पूर्ण परतत नाही. बापलेकांनी दांडीची पट्टी कठीण पोलादाच्या धारेवर तोलून धरली. सोनाराच्या तराजूची दांडी जशी धारेवर टेकलेली असते, तशीच ही रचना आहे: टेकण्याची जागा जवळजवळ रेषेइतकी बारीक, म्हणून घर्षण नगण्य. विजेच्या गिटारीच्या सहा तारांचा एकत्रित ताण सर्वसाधारणपणे ३० ते ५० किलो वजनाइतका असतो. त्याला विरुद्ध बाजूने तोलण्यासाठी त्यांनी १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनातील दोन व्हॉल्व्ह-स्प्रिंगा बसवल्या. तारा घोडीवर ज्या ठिकाणी टेकतात तिथे हाताने घडवलेले छोटे पोलादी रूळ ठेवले, म्हणजे तार घासण्याऐवजी रूळच फिरतो. दांडी सायकलला पिशवी अडकवण्याच्या सळईपासून केली आणि तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा लावला. गिटार तयार होऊन साठ वर्षे उलटली, तरी ही यंत्रणा तिच्यात आहे.

पडद्यांचे, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचे, गणित त्यापुढे सोपे, पण निष्ठुर आहे. रेड स्पेशलची तार घोडीपर्यंत २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर मोकळी असते. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या १७.८१७ व्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे पहिला पडदा सुमारे ३४ मिलिमीटरवर पडतो, तर चोविसावा आणि तेविसावा यांच्यात अवघे ९ मिलिमीटर उरतात. पहिल्या पडद्याशी अर्ध्या मिलिमीटरची चूक खपून जाते. शेवटच्या पडद्याशी तीच चूक तयार कानाला बोचते. हे सारे पडदे हाताने बसवलेले आहेत.

आता परत येणाऱ्या आवाजाकडे वळू. विजेची गिटार ॲम्प्लिफायरजवळ नेली की स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारीच्या लाकडाला आणि तारेला हलवतो, तार अधिक जोराने कंप पावते, तो कंप पुन्हा ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि हे चक्र चालू राहते. याला फीडबॅक म्हणतात. चक्र तारेच्या स्वरावर बसले तर सूर बासरीसारखा हवा तितका वेळ टिकतो. ते भलत्याच ठिकाणी बसले तर कान किटवणारी शिट्टी वाजते. ब्रायन यांना पहिला परिणाम हवा होता आणि दुसरा नको होता. म्हणून त्यांनी गिटारीचे धड आतून काही ठिकाणी पोकळ ठेवले, जेणेकरून लाकूड स्पीकरच्या आवाजाला अनुस्पंदन देईल. शिट्टीचे मूळ मात्र वेगळेच निघाले. तारेखाली बसणारे पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार त्यावरून हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. हे वेढे सैल असतील तर आवाजाने तेच थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोनसारखे वागू लागते. आधी घरी केलेली पिकअप बाजूला ठेवून ब्रायन यांनी बर्न्स कंपनीची तीन पिकअप आणली आणि त्यांच्या वेढ्यांत अराल्डाइट हा चिकट पदार्थ ओतून ते घट्ट केले. शिट्टी गेली, सूर राहिला.

त्या तीन पिकअपांची जोडणी हा माझ्या मते या वाद्यातील सर्वांत बुद्धिमान भाग आहे. प्रत्येक पिकअपला दोन छोटी बटणे आहेत: एक ते चालू-बंद करते, दुसरे त्याची दिशा उलटवते. तार छेडली की ती एकाच स्वरात हलत नाही. पूर्ण लांबीचा मूळ स्वर, अर्ध्या लांबीचा दुप्पट स्वर, तृतीयांश लांबीचा तिप्पट स्वर असे अनेक उपस्वर एकाच वेळी चालू असतात, आणि प्रत्येक उपस्वराचे तारेवर काही निस्पंद बिंदू असतात, जिथे त्या उपस्वरापुरती तार स्थिर राहते. निस्पंद बिंदूखाली असलेल्या पिकअपला तो उपस्वर ऐकूच येत नाही. आता दोन पिकअप चालू करून एकाची दिशा उलटवली, तर त्यांच्या विजेची बेरीज न होता वजाबाकी होते. मूळ स्वरात तारेचा तो सगळा भाग एकाच दिशेने हलतो, म्हणून वजाबाकीत मूळ स्वर बराचसा पुसला जातो. वरच्या काही उपस्वरांत मात्र एका पिकअपवरची तार वर जात असताना दुसरीवरची खाली येत असते; तिथे वजाबाकी म्हणजेच बेरीज होते आणि ते उपस्वर उसळून वर येतात. १९७५ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या क्वीनच्या गाण्यातील सोलोचा, म्हणजे गिटारीच्या एकट्या तुकड्याचा, बारीक, नाकातून गायल्यासारखा गोडवा मान आणि मध्य या दोन पिकअपांच्या अशा उलट जोडणीतून आला आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी खुलवतात, तेव्हाही मूळ स्वरामागचे उपस्वरच पुढे आणले जातात. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे निस्पंद असलेले उपस्वर उमटू नयेत असा नियम असताना, तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळे तेही उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले होते. एका ठिकाणी लाकूड आणि सूत, दुसरीकडे तांब्याचे वेढे आणि बटणे.

छेडण्यासाठी मे प्लास्टिकची नखी न वापरता सिक्सपेन्सचे जुने नाणे वापरतात. नाण्याच्या कडेवरचे बारीक दाते तारेवरून खरवडत जातात आणि स्वराच्या सुरुवातीला एक छोटासा चरचरीत उच्चार देतात. नाणे वाकत नसल्याने बोटांना तारेचा प्रत्येक हेलकावा कळतो. या गिटारीच्या प्रती पुढे अनेकांनी केल्या. सिडनीच्या ग्रेग फ्रायर यांनी नव्वदच्या दशकात तीन प्रती बनवल्या आणि १९९८ मध्ये मूळ गिटारीची काळजीपूर्वक डागडुजीही केली.

ब्रायन मे इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले. त्या कॉलेजाच्या शेजारीच रॉयल अल्बर्ट हॉल हे लंडनचे मोठे संगीतगृह आहे. क्वीनच्या आधीच्या ‘स्माइल’ या बँडबरोबर २७ फेब्रुवारी १९६९ रोजी ते तिथे वाजवायला उभे राहिले. ज्या माणसाने परत येणाऱ्या आवाजाला गिटारीत घरच्यासारखे वागवले, तो अशा वास्तूत उभा होता जिला परत येणाऱ्या आवाजाने जवळजवळ शंभर वर्षे छळले होते.

हॉलचे उद्घाटन २९ मार्च १८७१ रोजी झाले. लंबगोल प्रेक्षागृहावर लोखंड आणि काचेचा प्रचंड घुमट आहे. त्याचा सांगाडा आधी मँचेस्टरमध्ये जोडून पाहिला, मग सुटा करून घोडागाड्यांनी लंडनला आणला. आधाराचे खांब काढण्याच्या दिवशी घुमट कोसळेल या भीतीने केवळ स्वेच्छेने थांबलेले लोकच आत होते. घुमट अवघा ८ मिलिमीटर खाली बसला. अभियंते जिंकले होते, पण ध्वनी त्यांच्या हातून निसटला होता. उद्घाटनाच्या प्रार्थनेतले शब्दच घुमटातून परत येऊन लोकांना दुसऱ्यांदा ऐकू आले.

कारण शाळेच्या पुस्तकातच आहे. मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांच्यात ०.१ सेकंदापेक्षा जास्त अंतर पडले की कान त्यांना वेगळे ऐकतो. घुमटाची उंची सुमारे ४१ मीटर आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर वर जाऊन खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. नुसती उंची असती तरी एकवेळ चालले असते, कारण एवढ्या प्रवासात आवाज पसरून क्षीण होतो. घुमटाचा आतला पृष्ठभाग मात्र अंतर्वक्र आहे. दाढीचा अंतर्वक्र आरसा जसा प्रकाश एकवटतो तसा तो ध्वनी एकवटून काही खुर्च्यांवर टाकतो, आणि तिथे बसलेल्या माणसाला प्रतिध्वनी मूळ आवाजाइतका ठळक ऐकू येतो. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तिथे लोक प्रतिध्वनीसाठीच जातात. वाद्यवृंद ऐकायला आलेल्या माणसाला तो नकोसा होतो.

उपाय टप्प्याटप्प्याने झाले. आधी घुमटाखाली कापडी छत ताणले गेले, पण कापड बारीक स्वर थोडेफार शोषते आणि खर्जाला अडवू शकत नाही. १९४९ मध्ये ते काढून काचेखाली नागमोडी ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. खरा फरक १९६९ मध्ये पडला, स्माइलने वाजवले त्याच वर्षी. छतापासून फायबरग्लासच्या शंभरावर तबकड्या टांगण्यात आल्या, ज्यांना लोक ‘मश्रूम’ म्हणतात. त्यांची खालची बाजू फुगीर, म्हणजे बहिर्वक्र आहे. घुमट आवाज एकवटत होता, तबकडी तो विखुरते. शिवाय तबकड्या घुमटापेक्षा खाली असल्याने परावर्तित आवाजाचा प्रवास कमी होऊन तो लवकर पोहोचतो आणि मूळ आवाजात मिसळून जातो. तबकड्यांच्या पाठीवर ध्वनी शोषणारा थर आहे, त्यामुळे त्यांच्या फटींतून वर गेलेल्या आवाजाचा जोरही कमी होतो. नंतर फेरमोजणी करून संख्या कमी केली गेली आणि आता ८५ तबकड्या उरल्या आहेत.

प्रतिध्वनी गेला तरी निनाद राहिला. एवढ्या आकारमानाच्या जागेत आवाज पूर्ण विरायला दोन सेकंदांहून अधिक लागतात. ऑर्गनला तो निनाद मानवतो. या हॉलमधील ऑर्गनला ९,९९९ नळ्या आहेत. रॉक संगीताच्या द्रुत ठोक्यांना मात्र तो चिखलासारखा धरून ठेवतो, म्हणून तिथे स्पीकर श्रोत्यांवर नेमके रोखावे लागतात, छताकडे नाही.

मे यांनी पुढे प्रतिध्वनीलाच वाद्य केले. एकोप्लेक्स या यंत्रात एका डोक्याने चुंबकीय फितीवर आवाज नोंदला जातो आणि थोड्या अंतरावरचे दुसरे डोके तो वाचते. डोक्यांमधले अंतर वाढवले की उशीर वाढतो. मे यांनी डोके ज्या पट्टीवर सरकते ती लांबवून तो उशीर सुमारे ०.८ सेकंद केला. दगडी भिंतीकडून एवढ्या उशिराने प्रतिध्वनी हवा असेल तर ती जवळजवळ १३८ मीटर दूर असावी लागेल, आणि अल्बर्ट हॉलची लांबी तेवढी नाही. १९७४ च्या ‘ब्रायटन रॉक’ या गाण्यातील सोलो ते मंचावर या उशिराच्या आधारे वाजवतात. पहिली ओळ वाजते, ती एका स्पीकरमधून परत येते तोवर हात दुसऱ्या ओळीवर असतो, आणि दुहेरी उशीर झालेली पहिली ओळ दुसऱ्या स्पीकरमधून येते तोवर तिसरी ओळ सुरू झालेली असते. तिन्ही ओळी एकमेकींशी जुळतील अशाच रचाव्या लागतात. लयीत किंचित घाई झाली तर परत येणारी ओळ भलत्या स्वरावर आदळते, त्यामुळे हात चालत असताना त्यांचे कान पाऊण सेकंद मागे वाजून गेलेल्या स्वराकडे लागलेले असतात.