मूत्रपिंडाचा जुनाट आजार : औषधनिर्मात्याचे काम (खानदेश)

मूत्रपिंडाचे कार्य किंवा रचना तीन महिन्यांहून अधिक काळ बिघडलेली राहिली, तर त्या विकाराला मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणतात. गाळणीचा दर (ईजीएफआर) मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली उतरतो. कधी दर ठीक असतो, पण लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात राहते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मुख्य कारणे. बराच काळ काहीच दुखत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यांत या काळात रुग्णाची गाठ मूत्रपिंडतज्ज्ञापेक्षा (नेफ्रॉलॉजिस्ट) आरोग्य केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याशी किंवा गावच्या मेडिकलवाल्याशीच जास्त पडते.

तिथे सर्वांत मोठा धोका वेदनाशामकांचा. ‘कंबर दुखस, गोयी द्या’ एवढ्या बोलण्यावर डायक्लोफेनॅकची पट्टी निघते. खरे तर हे शेड्यूल एचमधले औषध. चिठ्ठीशिवाय देताच येत नाही. मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे मोकळी राहते, डायक्लोफेनॅक ते कमी करते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी बाहेर नेणारी वाहिनी सैल पडलेली असते आणि लघवीच्या गोळीने अंगातले पाणी घटलेले असते. तिन्ही एकत्र आले की गाळणीतला दाब कोसळतो. मे महिन्यात उन्हात राबलेल्या माणसाला तर यासाठी थोडे दिवसही पुरतात. गुडघ्याची चिठ्ठी एका डॉक्टरची, बीपीची दुसऱ्याची. दोन्ही कागद एकत्र दिसतात ते काउंटरवरच. म्हणून ‘बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का?’ हा प्रश्न आधी. बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरते.

नुसत्या क्रिएटिनिनवर (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) भिस्त ठेवू नये. 70 वर्षांची, 45 किलोची बाई, क्रिएटिनिन 1.2, म्हणजे रिपोर्टात जेमतेम वर. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने (140 वजा वय, गुणिले वजन, भागिले 72 गुणिले क्रिएटिनिन, स्त्रियांसाठी पुन्हा गुणिले 0.85) गाळणीचा दर येतो मिनिटाला सुमारे 31 मिलिलिटर. पायांच्या आगीसाठी तिला प्रीगाबालिन असेल, तर मात्रा निम्म्यावर आणावी लागते, नाहीतर गुंगी येते, तोल जातो. मधुमेहाचे मेटफॉर्मिन ईजीएफआर 45 च्या खाली दिवसाला 1000 मिलिग्रॅमपर्यंतच, 30 च्या खाली बंद. मात्रा बदलणे मात्र डॉक्टरचे काम. औषधनिर्मात्याने आकडा काढून फोन करावा.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर 2 ते 4 आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढले तरी सहसा गोळी चालूच ठेवतात. ‘गोळीनेच किडनी गेली’ म्हणून ती परस्पर सोडणारे पुष्कळ. उलटी-जुलाब लागले तर गोष्ट वेगळी : ही गोळी, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि शुगरचीच दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी विचारायला सांगावे.

पोटॅशियम वाढले की सगळे केळीवर घसरतात. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात ते साहजिकच, पण पोटॅशियम वाढलेले नसेल तर सरसकट केळीबंदीला अर्थ नाही. मुतखड्यासाठी सहज मागितले जाणारे पोटॅशियम सायट्रेटचे सिरप मात्र सुटून जाते. मिठाचेही तसेच. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही मर्यादा सांगितली की लोक भाजीतले मीठ कमी करतात; पापडातला पापडखारही सोडियमचाच, हे कुणी सांगत नाही.