दोंपिएर-बेकँकूर

उत्तर फ्रान्सच्या सोम विभागातील शेतकरी गाव. दोंपिएर आणि बेकँकूर ही लगतची खेडी मिळून ते बनले आहे. पेरोन शहराच्या पश्चिमेस, सोम नदीच्या दक्षिणेकडील सांतेर पठारावर ते वसले आहे. इथली जमीन खोल आणि कसदार असून गहू, बटाटे व साखरेचे बीट ही मुख्य पिके आहेत.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या शरद ऋतूत आघाडी गावाच्या पश्चिमेला येऊन थिजली आणि गाव जर्मनांच्या ताब्यात राहिले. दोन्ही सैन्यांनी एकमेकांच्या खंदकांखाली भुयारे खणून सुरुंग उडवले. १ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली, त्याच दिवशी फ्रेंच वसाहती सैन्याने दोंपिएर व बेकँकूर जिंकले. घरे तोवर तोफांनी जमीनदोस्त झाली होती. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी हा भाग पुन्हा घेतला, ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने तो सोडवला. गावातील फ्रेंच लष्करी दफनभूमीत सुमारे सात हजार सैनिक पुरलेले आहेत.

या लढाईतला रेल्वेचा वाटा सहसा दुर्लक्षित राहतो. तोफगोळ्यांची रोजची भूक चिखलातल्या घोडागाड्यांना भागवता येणे शक्यच नव्हते. म्हणून १९१६ मध्ये फ्रेंच सैन्याने सोमच्या कालव्यापासून आघाडीपर्यंत ६० सेंमी रुंदीचे रूळ टाकले. रुंदी जवळपास माथेरानच्या गाडीएवढीच. पोलादी स्लीपर आधीच जोडलेले रुळांचे तुकडे सैनिक हातांनी उचलून मांडत. गोळा पडून मार्ग तुटला, की तेवढा तुकडा बदलून गाडी पुढे जाई.

युद्ध संपल्यावर हेच रूळ गावाच्या उभारणीला लागणारे सामान आणू लागले. पुढे ते दोंपिएरच्या साखर कारखान्याच्या कामी आले आणि त्यांवरून बीट, कोळसा व साखर यांची ने-आण होऊ लागली. कालव्याकाठचे फ्रॉइसी आणि पठार यांच्यामधला चढ इंजिनाला सरळ झेपत नाही. त्यामुळे कापी गावाजवळ मार्ग इंग्रजी झेड अक्षरासारखा वळवला आहे. तिथे गाडी थांबते आणि उलट दिशेने चढते; मार्गात एक बोगदाही लागतो.

ट्रक आल्यावर मालवाहतूक घटली. १९७१ पासून हौशी रेल्वेप्रेमींची संस्था फ्रॉइसी ते दोंपिएर या सुमारे ७ किमी मार्गावर पर्यटक गाडी चालवते. फ्रॉइसीला अरुंद रेल्वेचे संग्रहालयही आहे.