मागील ॲक्सल व ब्रेकबदल (फोर्ड मस्टँग, १९६५–६६)

जुन्या मोटारीचा मूळ मागचा ॲक्सल उतरवून तिथे जास्त दमाचा ॲक्सल बसवणे आणि त्याबरोबर ड्रमऐवजी डिस्क ब्रेक आणणे, असे हे दुहेरी काम आहे. अमेरिकेत पहिल्या पिढीच्या मस्टँगवर ते सर्रास होते.

एप्रिल १९६४ मध्ये आलेल्या या गाडीला इंजिन पाहून ॲक्सल मिळे. सहा सिलिंडरवाल्या गाडीला सव्वासात इंची क्राउन व्हीलचा (ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा) हलका ॲक्सल, चाकाला चार नट आणि ९ इंची ड्रम. व्ही-८ ला ८ इंची क्राउन, पाच नट आणि १० इंची ड्रम. २७१ अश्वशक्तीच्या २८९ घनइंची इंजिनालाच तेवढा ९ इंची ॲक्सल लाभला. घोटाळा होतो तो सहा सिलिंडरच्या गाडीत पुढे कोणी व्ही-८ टाकतो आणि मागचा हलका ॲक्सल तसाच ठेवतो तेव्हा.

फोर्डचा ९ इंची ॲक्सल १९५७ पासूनचा. त्याचे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरची जोडणी) पुढच्या बाजूने अख्खे बाहेर निघते, म्हणून गिअरचे प्रमाण बदलणे सोपे. तो महाग पडतो. स्वस्तातली वाट म्हणजे भंगारातल्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची ॲक्सल. १९९५ पासून त्याला डिस्क ब्रेक आहेत, हाफ शाफ्टला (मधल्या गिअरपासून चाकापर्यंतच्या दांड्याला) ३१ दाते आहेत आणि नटांची मांडणी व्ही-८ मस्टँगशी जुळते. अडचण रुंदीची. पिनियन, म्हणजे क्राउनला फिरवणारे छोटे दातेरी चाक, मधोमध नसल्याने डावी नळी लांब असते. ती सुमारे ३ इंच कापून पुन्हा वेल्ड करतात आणि दोन्ही बाजूंना उजवीकडचाच आखूड शाफ्ट घालतात. हे वेल्डिंग साच्यात धरूनच करावे; नळी केसभर वाकली तरी बेअरिंग टिकत नाही.

शाफ्ट अडकवण्याची रीतही वेगळी. ८ आणि ९ इंचीत तो बाहेरच्या टोकाला पट्टी आणि चार बोल्टांनी धरलेला असतो. ८.८ मध्ये मागचे झाकण काढायचे, तेल गाळायचे, मधली पिन ओढायची, शाफ्ट आत ढकलायचा. मग ‘सी’ आकाराची क्लिप सुटून हातात येते. हीच क्लिप शाफ्टला आत धरून ठेवते. शाफ्ट मोडला तर चाक बाहेर सरकू शकते; डिस्कचा कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) त्याला थोडाफार अडवतो, ड्रम तेवढेही नाही.

ॲक्सलवरच्या, स्प्रिंगच्या पाट्यांच्या नव्या बैठका गाडीचा भार स्प्रिंगांवर असतानाच पक्क्या कराव्यात. जॅकवर लटकत्या गाडीत साधलेला पिनियनचा कोन चाके टेकताच बिघडतो आणि वेग वाढला की प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर मागे आणणारा लांब दांडा) थरथरतो.

ब्रेकबाबत मात्र उत्साह आवरता घ्यावा. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. मागे ताकद जास्त झाली तर तीच आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. म्हणून पुढचे डिस्क आणि दोन सर्किटचा, म्हणजे तेलाच्या दोन वेगळ्या वाटांचा, मास्टर सिलिंडर (पेडल दाबताच ब्रेकच्या तेलावर दाब आणणारा) आधी. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये एकच सर्किट असे, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन सर्किटे १९६७ पासून आली.

ड्रममध्ये फिरकीच शूला (आतून ड्रमला घासणाऱ्या पट्टीला) ओढून घट्ट करते. डिस्कला ही मदत नाही, त्यामुळे तेलाचा दाब जास्त लागतो. ड्रमच्या नळीत सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब राखून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. दहा-बारा मैलांवर थांबून रिमजवळ हात नेला तरी धग लागते. तो काढून मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवतात आणि मोकळ्या, कोरड्या जागेत पुढची चाके आधी जाम होईपर्यंत त्याची मूठ फिरवत राहतात.

एक्सप्लोररच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो. त्याची केबल मस्टँगच्या मुठीशी जुळत नाही. ती बेताची करून घ्यावी लागते. अनेक गाड्या या केबलीविनाच धावतात, ही या कामातली सर्वांत आळशी चूक.