जुनी सुटसुटीत वॉशिंग मशिने : संग्रह आणि वापर

नळाला कायमची जोडणी लागत नाही, एकदोन माणसांना उचलता येतात किंवा चाकांवर ढकलत नेता येतात आणि एका वेळी साधारण एक ते तीन किलो कपडे धुतात, अशी घरगुती वॉशिंग मशिने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर विकली गेली. ती शोधून काढणे, दुरुस्त करणे आणि त्यांत खरोखरच घरचे कपडे धुणे हा छंद आज अनेक देशांत जोपासला जातो. ही मशिने म्हणजे मोठ्या ऑटोमॅटिकची लहान आवृत्ती, असे समजले तर त्यांचे मर्म हातून निसटते. पाणी भरणे, कपडे एका टबातून दुसऱ्या टबात टाकणे, खळबळणे, पाणी सोडणे ही अर्धी कामे त्यांनी माणसाकडेच ठेवली. त्यामुळे आत भाग मोजकेच राहिले, आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही साधा पाना-पक्कड हाताळणारा माणूस ती पुन्हा चालू करू शकतो.

इतिहास : युद्धोत्तर ब्रिटनमधील लहान स्वयंपाकघरे या मशिनांच्या पथ्यावर पडली. १९४८ मध्ये हूवर कंपनीने वेल्समधील मर्थर टिडफिल येथे कारखाना सुरू केला आणि तिचे ०३०७ हे मॉडेल बाजारात आले. पांढऱ्या एनॅमलची चौकोनी पेटी, टबाच्या बाजूच्या भिंतीत बसवलेली फिरती चकती आणि कपडे पिळण्यासाठी हाताने फिरवायचे दोन रबरी रोलर, एवढाच त्याचा संसार. हा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. त्या पहिल्या पिढीतील मशिने मात्र अजून संग्राहकांकडे चालू आहेत. जपानमध्ये सान्यो कंपनीने १९५३ मध्ये एसडब्ल्यू-५३ हे याच धाटणीचे, बाजूच्या चकतीचे मशीन काढले. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांना त्या दशकात जपानी माणसे ‘तीन पवित्र खजिने’ म्हणत, यावरून त्या वस्तूचा मान कळतो.

धुण्याचा टब आणि पिळण्याचा ड्रम शेजारी-शेजारी ठेवण्याची कल्पना अमेरिकेत १९२० च्या दशकापासूनच होती. अशी चाकांवरची सुटसुटीत जोड-टब मशिने, म्हणजे ट्विन टब, तिथे पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत भाड्याच्या लहान घरांत दिसू लागले. याच सुमारास मेटॅग या अमेरिकी कंपनीने पोर्टा-वॉशर हे लहान मशीन आणि त्याच्या जोडीचा लहान ड्रायर आणला. ही जोडी आज अमेरिकी संग्राहक हौसेने शोधतात.

पूर्व युरोपची परंपरा वेगळी आणि फारच मजेदार आहे. पूर्व जर्मनीतील श्वार्त्सेनबर्ग येथे बनणाऱ्या डब्ल्यूएम ६६ या मशिनात पाणी तापवण्याची सोय होती. लोकांनी तिचा उपयोग फळांच्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून मुरांबे-फळे टिकवण्यासाठी केला, समारंभात सॉसेज गरम करण्यासाठीही केला. पोलंडमधील किएल्त्से येथे बनणारी फ्रानिया इतकी घरोघरी होती, की तशा प्रकारच्या कुठल्याही मशिनाला लोक फ्रानिया म्हणू लागले. सोव्हिएत मल्युत्का या सगळ्यांत चिमुकली : टब, तळाशी किंवा बाजूला चकती, एक मोटर, एक नळी. गरम पाणी बाहेरून ओतायचे.

यंत्ररचना : बहुतेक मशिनांत पल्सेटर असतो, म्हणजे कंगोरे असलेली चकती. ती वेगाने फिरते आणि पाण्यात भोवरा उठवते; कपडे त्या भोवऱ्याबरोबर घासले जातात. धुणे झपाट्याने होते, म्हणून चार-पाच मिनिटे पुरतात. पण एकाच दिशेने फिरणाऱ्या जुन्या मशिनात कपड्यांना पीळ बसतो आणि लांब बाह्यांची गाठोडी होतात. पुढच्या काळातील टायमर चकती थोडी सुलटी, थोडी उलटी फिरवतात ती यासाठीच. ट्विन टबचा पिळण्याचा ड्रम मिनिटाला हजाराहून अधिक, काही ब्रिटिश मॉडेलांत तीन हजारांच्या घरात फेऱ्या घेतो. म्हणून त्यातून निघालेले कपडे कधी कधी आजच्या ऑटोमॅटिकपेक्षाही कोरडे लागतात.

विकत घेताना : रंग आणि झळाळी पाहून भुलणारे बरेच, आणि फसणारेही तेच. पाहायचे ते खाली. मशीन कलते करून मोटरच्या वरच्या बाजूला, चकती फिरवणाऱ्या दांड्याभोवती गंजाचा तपकिरी ओघळ दिसतो का ते बघावे. तो दिसला तर दांड्याचे रबरी सील कडक होऊन गळत आहे, आणि ते पाणी वर्षानुवर्षे मोटरवर पडले आहे. त्यानंतर चकतीच्या मधला स्क्रू काढून चकती उचलावी. खाली बहुधा जुन्या धाग्यांचे वेटोळे, केसांच्या पिना, एखादे नाणे आणि साबणाचा दगडासारखा थर सापडतो. दांड्याला गुंडाळलेला धागाच सील कापतो, त्यामुळे ही साफसफाई दुरुस्तीचा पहिला टप्पा आहे. दांडा ज्या ब्राँझच्या बुशमध्ये फिरतो ते तेल शोषून ठेवते; त्याला पातळ तेल द्यावे, घट्ट ग्रीस नव्हे. वीज जोडण्याआधी टब भरून तासभर ठेवावा आणि गळती तपासावी.

टब ॲल्युमिनियमचा असेल तर धुण्याचा सोडा टाळलाच पाहिजे. तो ॲल्युमिनियम खातो आणि टबाला बारीक खड्डे पडतात. एनॅमलचा टवका उडाला असेल तर तिथून गंज आतल्या पत्र्यात पसरतो. लहान जागा वेळीच रंगवून बंद करता येते, पण तळच पोखरला असेल तर ते मशीन सुट्या भागांसाठी घ्यावे हे बरे.

विजेचा प्रश्न : परदेशातून आणलेल्या मशिनाबाबत संग्राहक व्होल्टेजची काळजी घेतात आणि फ्रीक्वेन्सी (वीजप्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, हर्ट्झमध्ये मोजलेली) विसरतात. अमेरिकी मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे; जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि देशाच्या पूर्वेला ५० तर पश्चिमेला ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. या मशिनांतील इंडक्शन मोटरचा वेग फ्रीक्वेन्सीवर ठरतो. त्यामुळे ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर सुमारे एकषष्ठांश हळू चालते आणि व्होल्टेज तेवढेच ठेवले तर जास्त तापते. १२० ऐवजी १०० व्होल्ट दिले की तापणे आटोक्यात येते. उलट बाजू अधिक धोक्याची. ५० हर्ट्झसाठी बनलेला पिळण्याचा ड्रम ६० हर्ट्झवर २० टक्के जास्त वेगाने फिरतो, आणि त्याच्यावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो ४४ टक्क्यांनी चढतो. ठिसूळ झालेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या ड्रमसाठी हे धाडस करू नये.

जुन्या वायरचे रबर बोटाने वाकवताच चुरा होत असेल तर ती वायर मूळची म्हणून जपण्यात अर्थ नाही. ओल्या हातांनी हाताळायच्या यंत्राला अर्थिंगची तार आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-संरक्षक स्विच हवेच. १९७० च्या दशकापर्यंतच्या काही कपॅसिटरमध्ये (मोटर चालायला मदत करणारा विजेचा डबीसारखा भाग) पीसीबी हे विषारी तेल असते. फुगलेला किंवा पाझरणारा कपॅसिटर हातमोजे घालून काढावा आणि घातक कचऱ्यात द्यावा.

वापर : ट्विन टबवर धुण्याची एक ठरलेली रीत आहे आणि ती पाळली की या मशिनाची खरी किंमत कळते. टबात गरम पाणी आणि साबण घालून आधी पांढरे कपडे धुवायचे, ते पिळून घ्यायचे, आणि त्याच साबणाच्या पाण्यात, ते हळूहळू निवत असताना, रंगीत आणि शेवटी मळकट कपडे टाकायचे. पिळताना निघालेले साबणाचे पाणीही अनेक मॉडेले पंपाने परत धुण्याच्या टबात सोडतात. एका भरणीत तीन-चार घाणे निघतात. खळबळायला मात्र दर वेळी ताजे पाणी लागते, आणि तिथे आळस केला तर कपड्यांत साबण राहतो. फेसाळ पावडर बेताने टाकावी : ड्रममध्ये फेस अडला की ड्रम वेग घेत नाही आणि मोटर कुंथते.

ड्रममध्ये कपडे वेडेवाकडे कोंबले की मशीन जमिनीवर नाचते. ओले कपडे कडेने सारखे दाबून, वर झाकणचकती ठेवली तर ते शांत फिरते. पुष्कळ जुन्या मॉडेलांत झाकण उघडल्यावर ब्रेक लागतो. पण ब्रेकची पट्टी झिजलेली असते किंवा तार सैल पडलेली असते. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये. रोलरची मशिने याहून खोडसाळ. विजेवर चालणाऱ्या रोलरमध्ये बोटे, हात आणि केस सापडून झालेल्या जखमांची वैद्यकीय साहित्यात स्वतंत्र नोंद आहे. हाताने फिरवायच्या रोलरचा उपद्रव बटणांपुरता : सदरा बटणे आत येतील असा दुमडून दिला नाही, तर तुटलेली बटणे टबात सापडतात.

संग्रह : अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील ईटन येथे विद्युत अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक ली मॅक्सवेल यांनी जमवलेला संग्रह सर्वात प्रसिद्ध आहे; त्यात हजाराहून अधिक वॉशिंग मशिने आहेत, आणि हातांनी चालवायच्या लाकडी यंत्रांपासून सुरुवात होते. घरगुती संग्राहकाला जागेची अडचण असते, म्हणूनही लहान मशिनांकडे ओढा जास्त. मशिनापेक्षा त्याच्याबरोबरचे सामान दुर्मीळ : ड्रमची झाकणचकती, नळीचा आकडा, लाकडी चिमटा आणि माहितीपुस्तिका. हे पहिल्याच घर बदलण्यात हरवते, त्यामुळे पूर्ण संच असलेले साधे मॉडेल अपुऱ्या नामांकित मॉडेलपेक्षा मोलाचे ठरते.

मशीन ठेवून द्यायचे असेल तर नळीतले पाणी काढावे, झाकण उघडे ठेवावे, बेल्टचा ताण कमी करावा आणि रोलर एकमेकांपासून सोडवून ठेवावेत. दाबून ठेवलेले रबरी रोलर कालांतराने चपटे पडतात आणि नंतर प्रत्येक फेरीला कपड्यात पाणी तसेच राहते.