‘ॲस्बेस्टॉस-फ्री’ गोणीच्या आधीची गोष्ट

खराडी-हिंजवडीकडे स्टीलच्या सांगाड्यावर उभ्या राहणाऱ्या एखाद्या इमारतीत, फॉल्स सीलिंग लागायच्या आत वर पाहिलं, तर बीमवर राखाडी, खरबरीत लेप दिसतो. घाईघाईत लापशी फासावी तसा. हेच स्प्रे फायरप्रूफिंग. साधारण ५५० अंश सेल्सिअसला स्टीलची जवळजवळ निम्मी ताकद जाते. लेपामुळे ती वेळ तास-दोन तास पुढे ढकलली जाते आणि तेवढ्यात माणसं जिना उतरतात.

पुण्याला हे काम तसं नवंच. जुने वाडे लाकूड-विटांचे, नंतरचं शहर आरसीसीचं. आरसीसीत सळईभोवतीचं काँक्रीटच तिला आगीपासून सांभाळतं, वेगळा लेप लागत नाही. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची आपली ओळख आहे ती ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून, वस्तीतल्या घरांवरचा आणि कारखान्यांच्या शेडवरचा. पत्र्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा कापला, फोडला की सुटतात. पूर्वी या लेपाच्या मालातही ॲस्बेस्टॉस असे आणि फवारणीत तेच तंतू मोकळे उडत. म्हणून या कामाचा इतिहास पत्र्याच्या इतिहासापेक्षा कितीतरी वाईट आहे.

त्याची सुरुवात ब्रिटनमधली. ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होतात, हे १९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस या कारखाना निरीक्षकांनी सरकारी अहवालात मांडलं आणि १९३१ मध्ये नियम आले. पण ते कारखान्यांपुरते, तंतू पिंजणाऱ्या-विणणाऱ्यांसाठी. नेमकं त्याच सुमारास तिथं ॲस्बेस्टॉस फवारण्याची पद्धत निघाली. म्हणजे कायद्यानं कारखान्याच्या आतली धूळ धरली आणि धंदा तीच धूळ नळीतून बाहेर, उघड्या साइटवर घेऊन गेला. ब्रिटनमधल्या बांधकामांना नीट कवेत घेणारे नियम यायला १९६९ उजाडलं. मधली जवळपास चाळीस वर्षं नोझल धरणाऱ्याच्या वाट्याला काय आलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत उंच इमारतींच्या लाटेत ही फवारणी सर्रास झाली. इन्सुलेशनचं काम करणाऱ्या कामगारांमधल्या कॅन्सरचा अभ्यास डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे वातावरण बदललं. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात सुमारे ४० मजल्यांपर्यंत ॲस्बेस्टॉसचा लेप मारून झाला होता. १९७० मध्ये तो थांबवून वरच्या मजल्यांना दुसरा माल वापरला गेला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं इन्सुलेशन आणि फायरप्रूफिंगसाठी ॲस्बेस्टॉस फवारण्यावर बंदी घातली.

मग जिप्सम किंवा सिमेंटमध्ये व्हर्मिक्युलाइट हे हलकं खनिज मिसळलेला माल आला. सुटलो म्हणावं, तर माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये मुळातच ट्रेमोलाइट जातीचं ॲस्बेस्टॉस मिसळलेलं निघालं. खाण १९९० मध्ये बंद झाली. गावातल्या मृत्यूंची मोठी चर्चा व्हायला १९९९ साल लागलं.

भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर आजही सरसकट बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगाला बजावलं, की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपाव्यात. आजार उगवायलाच काही दशकं लागतात, म्हणून एवढी मुदत. पण नोंद ठेवायची तर माणूस कुणाच्या तरी हजेरीपटावर हवा. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला, महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले. बांधकाम मजुरांच्या कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. फवारणीची टोळी पाच-सहा जणांची, पोटठेकेदाराची; आज बाणेर, पुढच्या महिन्यात चाकण. दाखला द्यायचा कुणी?

या लेपाच्या मालाच्या आजच्या गोणीवर ‘ॲस्बेस्टॉस-फ्री’ छापलेलं असतं आणि बहुतेकदा ते खरंही असतं. घोटाळा त्या शब्दाच्या वाचण्यात आहे. साइटवर त्याचा अर्थ ‘मास्क नको’ असा लावला जातो आणि गमछा तोंडाला बांधून काम चालू होतं. ओला सिमेंटचा माल अल्कलीयुक्त, कातडी भाजतो, डोळ्यात उडाला तर विचारूच नका. काही मालात खनिज लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेला कापूस असतो, त्याचे तंतू घशाला आणि अंगाला खाजवतात. नळी तुंबली की आत दाब साचतो. पंप बंद करून दाब न सोडता जोड उघडला, तर माल तोंडावर येतो. त्यात मान वर करून, बूम लिफ्टवर नाहीतर परांचीवर उभं राहायचं, पायाखाली सांडलेला निसरडा माल.

सिमेंट-जिप्समचा माल पंपात ओला कालवून येतो, त्यामुळे नोझलपाशी धूळ जुन्या कोरड्या फवारणीपेक्षा कमी. ती जास्त उडते हॉपरवर, म्हणजे पंपाच्या नरसाळ्यात, गोणी फाडून ओतताना, आणि दुसऱ्या दिवशी खाली पडून वाळलेला माल झाडताना. टोळी तोवर पुढच्या मजल्यावर गेलेली असते. झाडू बहुतेकदा बायकांच्या हाती, त्या दुसऱ्याच ठेकेदाराच्या. फवारणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाला त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. झाडण्याआधी फरशीवर बादलीभर पाणी शिंपडा, एवढंही त्यांना कुणी सांगत नाही.